लॉग(१ + क्ष) अचूक काढायचा असेल तर बेरजेच्या आधी थांबा

क्ष = १०^−१५ घ्या आणि साध्या डबलमध्ये (६४ बिटांत अपूर्णांकी संख्या साठवण्याचा नेहमीचा प्रकार) लॉग(१ + क्ष) काढा. उत्तर येतं १.११०२२३०२४६२५१५६ × १०^−१५. खरं उत्तर आहे ९.९९९९९९९९९९९९९९५ × १०^−१६. म्हणजे चूक सुमारे ११ टक्के. ना इशारा येतो, ना एरर, ना प्रोग्रॅम थांबतो. क्ष आणखी लहान करून १०^−१६ केला की उत्तर सरळ शून्य येतं. ते शून्य पुढे कुठे भाजक म्हणून गेलं, तर मगच कुणाचं तरी लक्ष जातं.

यावर बहुतेक जण म्हणतात, ‘लायब्ररीचा लॉग एकच्या आसपास कच्चा आहे.’ तसं नाही. लॉग त्याला दिलेल्या संख्येचं उत्तर बरोबरच देतो. त्याला संख्याच चुकीची दिलेली असते, कारण कंसातल्या बेरजेत क्षचे अंक आधीच गळालेले असतात. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या बेरजेपासून क्षला वाचवण्यासाठी आहेत.

इथे लॉग म्हणजे नैसर्गिक लॉग. फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. कोडमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची. लॉग१पी(क्ष) म्हणजे लॉग(१ + क्ष), आणि एक्स्पएम१(क्ष) म्हणजे ई^क्ष − १. दोन्ही क्ष लहान असतानाही अचूक राहावीत म्हणूनच बनवलेली आहेत.

## पायरी १: नुकसान किती होतंय ते आधी मोजा

डबलमध्ये संख्येचे ५३ बिट साठतात. एकच्या लगेच वर शेजारशेजारच्या दोन संख्यांमधलं अंतर २^−५२, म्हणजे सुमारे २.२२ × १०^−१६ असतं. एकच्या खाली ते याच्या निम्मं. क्ष = १०^−१० स्वतंत्र असतो तेव्हा त्याचे सोळाच्या सोळा अंक शाबूत असतात. त्यात एक मिळवला की त्याला या २.२२ × १०^−१६ च्या फूटपट्टीवर बसावं लागतं. १०^−१० म्हणजे या पट्टीवरचे ४५०३५९.९६ घर, जवळचं पूर्ण घर ४५०३६०. बेरजेनंतर क्षच्या जागी प्रत्यक्षात १.०००००००८२७४ × १०^−१० उरतो आणि लॉग त्याचंच उत्तर देतो: १.०००००००८२६९०३७१ × १०^−१०. खरं उत्तर ९.९९९९९९९९९५ × १०^−११. फरक आठव्या अंकापासून सुरू होतो.

ढोबळ हिशेब असा: क्ष साधारण १०^−क असेल, तर उत्तराचे सुमारे १६ − क अंक भरवशाचे. एकेरी अचूकतेत (३२ बिटांत) पट्टीचं घर १.१९ × १०^−७ चं असतं, म्हणून तिथे सुमारे ७ − क अंक, आणि ५.९६ × १०^−८ पेक्षा लहान धन क्ष पूर्ण नाहीसा. १६ बिटांच्या अर्ध्या अचूकतेत तर ०.०००४८ एवढा क्षसुद्धा एकमध्ये मिळवला की दिसेनासा होतो.

तपासणी: (१ + क्ष) − १ छापा आणि क्षशी ताडून पाहा. क्ष = १०^−१५ साठी १.११०२२३०२४६२५१५६५ × १०^−१५ दिसेल. ही वजाबाकी स्वतः बिनचूक असते, त्यामुळे दिसणारा सगळा फरक बेरजेने केलेलं नुकसान आहे. हा फरक तुमच्या कामाला चालण्यासारखा असेल तर पुढे वाचायची गरज नाही. क्ष धन आणि अर्ध्याच्या आसपास किंवा त्याहून मोठा असेल, तर साधा लॉग(१ + क्ष) पुरतो.

## पायरी २: हातात क्ष आहे की १ + क्ष, हे ठरवा

सर्वांत जास्त चुका या पायरीवर होतात, आणि त्या लायब्ररी बदलून सुटत नाहीत.

एकच्या जवळच्या उ या संख्येचा लॉग घेताना, उमधली सापेक्ष त्रुटी उत्तरात अंदाजे १/|उ − १| पट होऊन उतरते. उ एकपासून १०^−९ एवढा दूर असेल तर त्रुटी शंभर कोटी पट. हा लॉग या फलनाचाच स्वभाव आहे, त्यावर कुठलंही फंक्शन उपाय करू शकत नाही. उलट लॉग१पीला मूळ क्ष दिला तर क्षमधली त्रुटी जवळपास जशीच्या तशी, एकास एक, उत्तरात येते. म्हणून क्ष मूळ रूपात मिळवणं हेच खरं काम.

तीन परिस्थिती संभवतात.

क्ष स्वतंत्रपणे माहीत आहे. दर, संभाव्यता, सापेक्ष फरक, अल्प वाढ. मग त्यात एक कुठेच मिळवू नका. व्हेरिएबलमध्ये ‘गुणक = १ + दर’ असं साठवण्याची सवय इथेच महागात पडते.

फक्त उ हातात येतो. तो फाइलमधून, उपकरणातून किंवा दुसऱ्याच्या फंक्शनमधून येतो. मग उगमाकडे जा. फाइलमध्ये १.००००००१२३४ असं दहा दशांश स्थळांपर्यंत लिहिलं असेल तर क्षचे चारच अंक जिवंत आहेत. लिहिणाऱ्या प्रोग्रॅमने १.२३४ × १०^−७ हाच आकडा पूर्ण अंकांसह लिहायला हवा. उगम बदलता येत नसेल, तर उत्तराचे अंक तेवढेच मोजा आणि पुढे चला.

उ बिनचूक आहे. हेही घडतं. यादृच्छिक संख्या देणारी बरीच जनित्रं २^−५३ च्या पटीतल्या संख्या देतात. अशा य साठी १ − य ही वजाबाकी डबलमध्ये तंतोतंत बसते, म्हणून लॉग(१ − य) आणि लॉग१पी(−य) दोन्ही सारखेच चांगले. तिथे लॉग१पी टाकून बिघडत नाही, पण सुधारतही काही नाही.

हमखास चूक: कुठेतरी वर उ = १ + क्ष केलेलं असतं आणि खाली कुणीतरी ‘सुधारणा’ म्हणून लॉग१पी(उ − १) लिहितं. गळालेले अंक उ − १ ने परत येत नाहीत. कोडमध्ये ‘लॉग१पी(’ नंतर ‘− १’ शोधा, सापडलेली प्रत्येक ओळ संशयित समजा.

दुसरी चूक: आकडे एकेरी अचूकतेत असताना एक मिळवायचा आणि मग डबलमध्ये बदलायचं. क्रम उलटा हवा: आधी रूपांतर, मग गणित. आणि क्ष तसाच लॉग१पीला देणार असाल, तर बहुतेक वेळा रूपांतराचीही गरज पडत नाही.

## पायरी ३: सूत्र कागदावर बदला

कोडला हात लावण्याआधी लॉगच्या आतली राशी ‘१ + काहीतरी लहान’ या रूपात आणा, आणि ते ‘काहीतरी’ वजाबाकीत अंक न गमावता काढता येईल असं पाहा.

लॉग(१ − प) → लॉग१पी(−प). चिन्ह विसरणं ही इथली नेहमीची गफलत.

लॉग(अ/ब), अ आणि ब जवळजवळ → लॉग१पी((अ − ब)/ब). अ आणि ब एकमेकांच्या दुपटीच्या आत असतील तर अ − ब ही वजाबाकी अगदी बिनचूक होते. लॉग अ − लॉग ब मात्र करू नका. अ = १००००००.०००९७६५६२५ आणि ब = १०००००० घ्या; दोन्ही डबलमध्ये तंतोतंत बसतात. दोघांचे लॉग १३.८ च्या आसपास, आणि तिथे पट्टीचं घर १.७८ × १०^−१५ चं. खरा फरक ९.७६५६२४९९५२३ × १०^−१०. म्हणजे वजाबाकीत सहाएक अंक हाती लागतात. वरच्या सूत्राने सगळे.

लॉग(१ + अ) − लॉग(१ + ब) → लॉग१पी((अ − ब)/(१ + ब)). छेदातल्या १ + ब ची भीती नको. तिथे गळणारे अंक उत्तरात शेवटच्या अंकापलीकडे दिसत नाहीत. धोका फक्त लॉगच्या आत बेरीज केली तरच.

लॉग((१ + क्ष)/(१ − क्ष)) → २ × एटॅनएच(क्ष), म्हणजे व्यस्त हायपरबोलिक टॅन्जंट.

लॉग(कॉस क्ष) → लॉग१पी(−२ × साइन²(क्ष/२)). क्ष = १०^−९ साठी डबलमध्ये कॉस क्ष बरोबर १ येतो आणि लॉग शून्य. खरं उत्तर −५ × १०^−१९.

संमिश्र संख्येच्या मापांकाचा लॉग, मापांक एकच्या जवळ असताना → ½ × लॉग१पी((अ − १)(अ + १) + ब²), जिथे अ हा दोन घटकांपैकी निरपेक्ष मूल्याने मोठा, चिन्ह काढून घेतलेला. अ² − १ असं लिहू नका. वर्ग करताना होणारी राउंडिंगची चूक वजाबाकीत उघडी पडते. हे सूत्र अ एकच्या जवळ आणि ब लहान असताना उत्तम चालतं. पण ०.८ आणि ०.६ अशी जोडी आली की (अ − १)(अ + १) आणि ब² एकमेकांना खातात. तिथे डबलच्याही दुप्पट अचूकतेची बेरीज लागते. निव्वळ सूत्र बदलून भागत नाही.

(१ + क्ष)^न → एक्स्प(न × लॉग१पी(क्ष)). आणि उत्तरातून एक वजा करायचा असेल तर एक्स्पएम१(न × लॉग१पी(क्ष)). न प्रयत्नांत निदान एकदा घटना घडण्याची संभाव्यता १ − (१ − प)^न ही याच घरातली: −एक्स्पएम१(न × लॉग१पी(−प)). प = १०^−१७ आणि न = दहा लाख घेतले तर साधं सूत्र शून्य देतं; खरं उत्तर ९.९९९९९९९९९९५ × १०^−१२.

इशारा: लॉग१पी आत बसवलं आणि बाहेर एक्स्प(…) − १ तसंच ठेवलं, तर आत वाचवलेले अंक बाहेर जातात. ही दोन फंक्शनं जोडीनेच वापरायची.

## पायरी ४: लायब्ररीतलं फंक्शन घ्या

सीमध्ये सी९९ पासून, सी++ मध्ये सी++११ पासून लॉग१पी आहे. पायथनच्या मॅथ मॉड्यूलमध्ये, नमपायमध्ये, जावामध्ये, आर आणि ज्युलियामध्ये याच नावाने. जावास्क्रिप्टमध्ये २०१५ च्या आवृत्तीपासून. गोमध्ये पहिलं अक्षर मोठं. रस्टमध्ये नाव वेगळं आहे: एलएन_१पी, आणि जोडीदार एक्स्प_एम१.

सीमध्ये एकेरी अचूकतेसाठी लॉग१पीएफ, लाँग डबलसाठी लॉग१पीएल. लाँग डबल क्ष चुकून साध्या लॉग१पीला दिला, तर कम्पायलर तो मुकाट्याने डबलमध्ये कापतो.

पाया २ किंवा १० चा लॉग हवा असेल तर लॉग१पी(क्ष) ला अनुक्रमे १.४४२६९५०४०८८८९६३४ किंवा ०.४३४२९४४८१९०३२५१८ ने गुणा. लॉग२(१ + क्ष) किंवा लॉग१०(१ + क्ष) थेट काढू नका, दुखणं तेच. सी२३ मध्ये यासाठी लॉग२पी१ आणि लॉग१०पी१ अशी स्वतंत्र फंक्शनं आली आहेत.

तपासणी: लॉग१पी(१०^−२०) ने १०^−२० परत दिलं पाहिजे, आणि लॉग१पी(१०^−१५) ने ९.९९९९९९९९९९९९९९५ × १०^−१६. पहिल्याचं उत्तर शून्य आलं, तर त्या लायब्ररीने नाव लॉग१पी ठेवून आत लॉग(१ + क्ष) च भरलेलं आहे. नावावर जाऊ नका, ही एका ओळीची तपासणी प्रत्येक नव्या प्लॅटफॉर्मवर एकदा करा.

मर्यादा: लॉग१पी शून्याजवळ राजा आहे, −१ जवळ नाही. क्ष = −०.९९९९९९९९ सारखा असेल तर क्षमधली छोटी त्रुटी १ + क्ष मध्ये प्रचंड होते. अशा वेळी उरलेला लहान भाग क = १ + क्ष हाच स्वतंत्रपणे काढून साधा लॉग(क) घ्या.

## पायरी ५: फंक्शन उपलब्ध नसेल तर हाताने

संगणकी अंकगणिताचे जाणकार विल्यम कहान यांच्या नावाने ओळखली जाणारी युक्ती तीन ओळींत बसते:

    उ = १ + क्ष
    जर उ == १ असेल तर उत्तर = क्ष
    नाहीतर उत्तर = लॉग(उ) × (क्ष ÷ (उ − १))

पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे विचित्र वाटतं: चुकलेला उ वापरूनच बरोबर उत्तर कसं? लॉग(उ) ÷ (उ − १) हा भागाकार एकच्या जवळ अतिशय सावकाश बदलतो. उ किंचित सरकला तरी भागाकार जवळपास तोच राहतो. वर आणि खाली तोच चुकलेला उ असल्यामुळे चूक कटते, आणि मग आपण मूळ, न दुखावलेल्या क्षने गुणतो. १०^−१५ चं उदाहरण यात घाला: लॉग(उ) = १.११०२२३०२४६२५१५६ × १०^−१५, उ − १ = १.११०२२३०२४६२५१५६५ × १०^−१५. भागाकार एकपेक्षा जेमतेम ५.५ × १०^−१६ ने कमी. क्षने गुणलं की शेवटच्या अंकापर्यंत खरं उत्तर, फार तर एखाद्या घराने इकडेतिकडे.

युक्ती चालण्यासाठी तीन गोष्टी लागतात: लॉग स्वतः चांगला हवा, उ − १ बिनचूक यायला हवी (आयट्रिपलई या प्रमाणित संगणकी अंकगणितात येते), आणि दोन्ही ठिकाणी *तोच* उ हवा.

कंसांची जागाही जपा. लॉग(उ) × क्ष ÷ (उ − १) असं डावीकडून उजवीकडे केलं तर क्ष = १०^३०८ ला गुणाकार ओव्हरफ्लो होतो. क्ष ÷ (उ − १) आधी केलं की हा प्रश्न उरत नाही. क्ष अनंत असेल तर मात्र अनंत ÷ अनंत होऊन नॅन (‘ही संख्याच नाही’ असं सांगणारं मूल्य) येतो. ती केस वेगळी हाताळा.

‘जर’ नको असेल, उदाहरणार्थ अ‍ॅरेवर एकदम काम करायचं असेल, तर दुसरं रूप आहे: लॉग(उ) − ((उ − १) − क्ष) ÷ उ. यात फाटा फुटत नाही आणि अगदी लहान क्षही सुखरूप परत येतो. पण क्ष = −१ ला यात ०/० होतं आणि ऋण अनंतऐवजी नॅन मिळतो. ऋण शून्याचं चिन्हही हरवतं.

## पायरी ६: युक्तीही चालत नसेल तिथे श्रेणी

स्प्रेडशीट हे याचं ठळक उदाहरण. एक्सेल समानता सुमारे १५ अंकांपर्यंतच पाहतं, आणि सूत्राच्या शेवटी आलेली वजाबाकी शून्याच्या फार जवळ गेली की आपणहून शून्य करून टाकतं. कहान यांच्या युक्तीचे दोन्ही आधार तिथे डळमळीत. म्हणून सरळ श्रेणी वापरा:

    |क्ष| < ०.०००१ असेल तर: क्ष − क्ष × क्ष × (१/२ − क्ष × (१/३ − क्ष/४))
    नाहीतर: लॉग(१ + क्ष)

चार पदांनंतर सोडून दिलेल्या भागाचा उत्तराशी वाटा क्ष^४/५, म्हणजे सीमेवर २ × १०^−१७. डबलच्या राउंडिंगपेक्षा कमी. सीमेच्या पलीकडे साध्या लॉगची सापेक्ष त्रुटी फार तर १०^−१२ च्या घरात. बहुतेक तक्त्यांना एवढं पुरे.

वरच्या श्रेणीत क्ष हे पहिलं पद वेगळं ठेवलंय ते मुद्दाम. सर्वांत मोठं पद सगळ्यांत शेवटी मिसळलं, की लहान पदांतल्या राउंडिंगच्या चुका त्याच्यापुढे किरकोळ ठरतात. क्ष × (१ − क्ष/२ + …) असं लिहिलं तर कंसात पुन्हा ‘एक अधिक लहान’ तयार होतं. नुकसान एखाद्या घराचंच, पण विनाकारण.

सीमा ०.०१ पर्यंत न्यायची असेल तर साध्या श्रेणीला आठ पदं लागतात. त्यापेक्षा हे रूप घ्या:

    स = क्ष ÷ (२ + क्ष)
    व = स × स
    र = व × (२/३ + व × (२/५ + व × २/७))
    उत्तर = क्ष − स × (क्ष − र)

|क्ष| ≤ ०.०१ ला स सुमारे ०.००५ असतो, त्यामुळे श्रेणी झपाट्याने आटते आणि एवढ्या तीन सहगुणकांत डबलची अचूकता भागते. इथेही क्ष शेवटपर्यंत अखंड राहतो. उत्तर २ × (स + स³/३ + …) असंही मांडता येतं, पण मग भागाकारातली राउंडिंगची चूक थेट मुख्य पदात शिरते.

चूक: सी, जावा यांसारख्या भाषांत १/३ आणि २/५ हे पूर्णांकी भागाकार होऊन शून्य देतात. दशांश चिन्ह लावा. लहान क्षला उत्तर तरीही ‘जवळपास’ बरोबर दिसतं, म्हणून ही चूक महिनोन्महिने लपून राहते.

## पायरी ७: कम्पायलरला आवरा

पायरी ५ मधली युक्ती बीजगणिताच्या नजरेने निरर्थक आहे. (१ + क्ष) − १ म्हणजे क्ष, मग क्ष ÷ क्ष म्हणजे १, उरला लॉग(उ). वेगासाठी राउंडिंगचे नियम सैल करणारा ‘फास्ट मॅथ’ पर्याय चालू असेल तर कम्पायलरला नेमकं हेच करायची मुभा मिळते. सोर्स कोड बरोबर दिसत राहतो, पण चालतो तो जुना चुकीचा हिशेब. दुसऱ्या रूपाचंही तेच. शिवाय हाच पर्याय नॅन आणि अनंत येणारच नाहीत असं गृहीत धरतो, म्हणून तुमच्या विशेष केसांच्या तपासण्याही गायब होऊ शकतात. निदान ही एक फाइल तरी त्या पर्यायाविना कम्पाइल करा. नम्बासारख्या (पायथनचा कोड चालतानाच कम्पाइल करणाऱ्या) जिट कम्पायलरमध्येही असा पर्याय आहे, तो विसरू नका.

जुन्या ३२ बिट एक्स८६ वर आणखी एक सापळा: ८० बिटांच्या रजिस्टरमधला उ आणि मेमरीत जाऊन डबलला कापलेला उ वेगळे असतात. ‘तोच उ’ ही अट तिथे मोडते. उला व्होलाटाइल करा किंवा एसएसई२ सूचना वापरायला सांगा. ६४ बिटांवर सहसा हा त्रास नसतो.

आणि एक ठिकाण असं आहे की जिथे दोष खरोखरच लॉगचा असतो. जीपीयूवर कुडाच्या (एनव्हिडियाच्या जीपीयू-प्रोग्रॅमिंग संचाच्या) झटपट एकेरी लॉगची हमी ०.५ ते २ या टापूत फक्त *निरपेक्ष* त्रुटीची आहे: २^−२१.४१, म्हणजे सुमारे ३.६ × १०^−७. खरं उत्तरच १०^−७ असेल तर ही हमी कुचकामी. कुडाचा ‘फास्ट मॅथ’ पर्याय साध्या एकेरी लॉगच्या जागी हाच झटपट लॉग बसवतो, आणि मग त्यावर उभी केलेली कहान यांची युक्तीही ढासळते.

## पायरी ८: घातांकी फलन सोबत असेल तर

लॉग(१ + ई^क्ष). क्ष मोठा असेल तर ई^क्ष डबलमध्ये ७०९.७८ च्या पुढे ओव्हरफ्लो होतो; क्ष = −४० ला ई^क्ष = ४.२४८ × १०^−१८, एकमध्ये मिळवताच नाहीसा. दोन्ही टोकं एका ओळीत सांभाळली जातात:

    मोठा(क्ष, ०) + लॉग१पी(एक्स्प(−|क्ष|))

दोन लॉग-मूल्यांची बेरीज, लॉग(ई^अ + ई^ब), हीही तीच गोष्ट: मोठा(अ, ब) + लॉग१पी(एक्स्प(−|अ − ब|)). मात्र अ आणि ब दोन्ही ऋण अनंत असतील तर फरक नॅन होतो. त्यासाठी आधी तपासणी हवी.

लॉग(१ − ई^−अ), अ > ०. इथे एकच सूत्र पुरत नाही.

    अ ≤ ०.६९३१ असेल तर: लॉग(−एक्स्पएम१(−अ))
    नाहीतर: लॉग१पी(−एक्स्प(−अ))

सीमा लॉग २ आहे. अ = १०^−२० ला दुसरं सूत्र वापरलं तर ई^−अ बरोबर १ होतो आणि उत्तर ऋण अनंत; खरं −४६.०५. उलट अ = ५० ला पहिलं वापरलं तर उत्तर शून्य; खरं −१.९३ × १०^−२२. ‘लॉग१पी चांगलं’ एवढंच लक्षात ठेवून सगळीकडे तेच लावणारे पहिल्या टोकाला सापडतात.

## पायरी ९: चाचणी

संदर्भ उत्तरं वाढीव अचूकतेत काढा. पायथनमध्ये एमपीमॅथ घेऊन ५० अंक ठेवले की बहुतेक काम होतं. दोन पथ्यं पाळा.

एक, संदर्भालाही *तोच डबल* द्या. मजकूर म्हणून ‘०.०००००००००१’ दिला तर ती दशांशातली तंतोतंत संख्या होते. तुमच्या प्रोग्रॅममधला क्ष तिच्याहून किंचित वेगळा असतो. मग अर्ध्या घरापर्यंतचा फरक फुकट दिसतो आणि चांगल्या कोडवर आळ येतो.

दोन, ५० अंकांतही लॉग(१ + क्ष) लिहिलं तर क्ष = १०^−४० ला दहाच अंक उरतात. संदर्भातही लॉग१पी वापरा किंवा अंक वाढवा.

त्रुटी नेहमी सापेक्ष मोजा, किंवा उत्तराजवळच्या पट्टीच्या घरांत. ‘फरक १०^−१२ पेक्षा कमी’ अशी निरपेक्ष कसोटी लावली, तर १०^−१५ च्या जागी शून्य देणारं फंक्शनही पास होतं. असल्या हिरव्या खुणा पुष्कळ चाचण्यांमध्ये सापडतात.

क्षची यादी: ±१०^−१ पासून ±१०^−२० पर्यंत दर दशकात काही आडवेतिडवे आकडे. २^−१० सारखे दोनचे घात एकटे घेऊ नका. ते एकमध्ये मिळवताना काहीच गळत नाही, त्यामुळे चुकीचा कोडही त्यांच्यावर निर्दोष दिसतो. श्रेणी वापरली असेल तर सीमेच्या दोन्ही बाजूंची अगदी शेजारची मूल्यं घ्या, उडी दिसते का पाहा. मग टोकं: ० ला ०, ऋण शून्याला ऋण शून्य, −१ ला ऋण अनंत, −१ पेक्षा लहान क्षला नॅन, धन अनंतला धन अनंत, नॅनला नॅन, आणि डबलमधली सर्वांत लहान धन संख्या २^−१०७४ हिला तीच.

चांगल्या लायब्ररीच्या लॉग१पीची त्रुटी एका घराच्या आसपास असते. पायरी ५ आणि ६ मधल्या हातच्या कोडला तीन-चार घरं माफ. शंभर घरं दिसली तर बेरीज कुठेतरी अजून लॉगच्या आधी होते आहे. आणि सगळ्या चाचण्या एकदा ऑप्टिमायझेशन बंद ठेवून व एकदा प्रत्यक्ष वापरात जाणाऱ्या पर्यायांनी कम्पाइल करून चालवा. फक्त दुसऱ्या वेळी उत्तरं बिघडली, तर पायरी ७ कडे परत जा.